हीच गाडी का?

जानकीपुरम, लखनौ
२ जून

प्रिय वसुधा,

चंद्रप्रभाताईंचा फोन आला होता. तू माझ्याशी फोनवर बोलणार नाहीस, हे त्यांनी सांगितलं आणि तुझा निरोप जसाच्या तसा ऐकवला. "फोनवर ते नुसतं हो हो करतात आणि मग मनाला येईल तेच करतात. म्हणावं, हीच गाडी का घेतली ते कागदावर लिहून पाठवा. पटलं तर बोलेन." धाकट्या बहिणीचा निरोप सांगताना ताईंना हसू आवरत नव्हतं. मीही हसलो. या वयात निबंध लिहायचा म्हणजे काय! पण फोन ठेवला आणि घर अंगावर आलं. सगळं सामान ट्रकमधून साताऱ्याला गेलंय. माझ्याकडे एक खाट, गॅसची शेगडी, दोन पातेली आणि पोर्चमध्ये ती. म्हणून मुकाट्याने लिहायला बसलोय.

तुझा राग मला मान्य आहे. मी निवृत्त झालो की साताऱ्याला परत जायचं, हे आपल्या लग्नापासून ठरलेलं. फ्लॅट तू शोधलास, तूच पसंत केलास, खोकी तूच बांधलीस. आणि ट्रक यायच्या आठवड्यात मी क्रेनला टांगलेली एक गंजकी गाडी घेऊन दारात हजर झालो. तू एक शब्द बोलली नाहीस. सामान चढवून घेतलंस आणि माझं तिकीट माझ्या हातात ठेवून ठरल्या दिवशी एकटी निघून गेलीस. मला वाटलं होतं, निदान स्टेशनवर तरी भांडशील.

तर कारण. जुनी गाडी उभी करायला घेणारे लोक भावनेच्या भरात घेतात, असा तुझा समज आहे. तसं नसतं. अमौसीच्या विमानतळावर मी जन्मभर सामान ओढणारे ट्रॅक्टर आणि शिड्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या. मला लोखंड कळतं. आधी सांगाडा बघायचा. मग पार्ट मिळतात का ते बघायचं. मग हात घालायला तयार असलेला मिस्त्री जवळपास आहे का ते. कागदपत्रांचं मागाहून बघता येतं. लँडमास्टर ही आपल्या अँबॅसिडरची थोरली बहीण. अँबॅसिडरचे बरेच पार्ट तिला थोडी खटपट करून बसवता येतात, आणि ते लखनौत अजून मिळतात. म्हणून हीच गाडी. इतकं सरळ आहे.

आता पटलं असेल तर फोन कर. वर्षभरात तिला चालती करतो आणि येतो. वर्ष काय ग, बघता बघता जातं.

फोनशेजारी बसलेला,
नंदकुमार


जानकीपुरम
२१ जून

प्रिय वसुधा,

तुझं कार्ड मिळालं. एवढी कोरी जागा सोडून एकच ओळ लिहिणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. "पार्ट मिळतात म्हणून कोणी बायकोला एकटीला पाठवत नाही. पुन्हा लिहा." तेही उघड्या पोस्टकार्डावर! पोस्टमनला मराठी येत नाही, पण एकच ओळ बघून त्याला काय समजायचं ते समजलं. "मैडम नाराज़ हैं क्या, साहब?" म्हणाला. मी म्हटलं, नहीं भैया, मैडम कम बोलती हैं. तो म्हणाला, "वही तो."

ठीक आहे. खरं सांगतो. मागच्या पत्रात मी उगाच इंजिनिअरपणा केला, कारण हे सांगायची लाज वाटत होती. मी लहान असताना साताऱ्याला आमच्या गल्लीत एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे हीच लँडमास्टर होती, पांढरी. मला टायफॉइड झाला तेव्हा अण्णांनी मला त्या गाडीत मागच्या सीटवर आडवं घातलं आणि डॉक्टरांनी स्वतः चालवत इस्पितळात नेलं. त्या सीटचा वास मला आजही येतो. कबाड्याच्या आवारात ही दिसली आणि माझे पाय हलेनात. या नादात पडलेल्या दहांतल्या आठ जणांचं हेच असतं, वसुधा. माणूस लहानपणी ज्या गाडीत बसला तीच शोधत फिरतो.

आता तरी समजून घे. जेवणाचे हाल आहेत. खिचडी सोडून मला काहीच जमत नाही आणि खिचडीही जमते असं नाही. परवा सानिकाने बंगळुरूहून व्हिडिओ कॉल केला. मी मागची रिकामी भिंत दिसू नये म्हणून फोन नाकाशी धरला होता. तरी तिने ओळखलंच. "पापा, आप दोनों बच्चे हो क्या?" आपली मुलगी मराठीत कधी रागावेल, देव जाणे.

तुझ्या ओळीची वाट बघणारा,
नंदकुमार


जानकीपुरम
१४ जुलै

वसुधा,

"अण्णांनी तुम्हाला टायफॉइडमध्ये सायकलवरून नेलं होतं. सासूबाई दर दिवाळीला सांगायच्या. पुन्हा लिहा."

हो. सायकलच. कॅरिअरला बांधून. डॉक्टरांकडे गाडी होती, पण कोणती, ते मला आठवत नाही. लिहिता लिहिता ते इतकं खरं वाटायला लागलं की मला स्वतःलाच गहिवरून आलं होतं. तुझ्याशी लग्न करून माणसाला धड खोटंही बोलता येत नाही.

रविवारी जुन्या गाड्यावाल्यांची बैठक होती. मी तुझाच प्रश्न तिथे टाकला. सांगा, तुम्ही आपापली गाडी कशी निवडलीत? एकेकाने जे सांगितलं ते ऐकून तू कपाळाला हात लावला असतास. एकाने हिलमन घेतली, कारण त्याच्या गॅरेजात तेवढीच मावत होती. एका वकिलांनी शेजाऱ्याला मिळू नये म्हणून डॉज घेतली, आता शेजारी शहर सोडून गेला आणि डॉज गळ्यात. एक बँकवाले मोटरसायकल बघायला गेले होते, मालकाने चहाबरोबर गलौटी कबाब खाऊ घातले, आता नुसतं कसं निघायचं म्हणून मॉरिस घेऊन आले. कोणी पार्टचं नाव काढलं नाही. अस्थाना साहेब म्हणून आमच्यातले सगळ्यात जुने, सरकारी खात्यातून निवृत्त, ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "सब झूठ बोलते हैं, भाईसाहब. पहले बीवी से, फिर अपने आप से." सगळे हसले. मी सगळ्यात जोरात हसलो.

मग अस्थानांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "आपने वो फ़िएट क्यों छोड़ी? चलती हुई थी, काग़ज़ पूरे थे, आप ही के लिए रोकी थी मैंने." ही गोष्ट मी तुला सांगितलेली नाही. त्याच आठवड्यात एक फिएट मिळत होती. रंगसुद्धा चांगला होता. चावी लावली की सुरू होत होती. तीत बसून आपण दोघं थेट साताऱ्याला गेलो असतो, वाटेत ओंकारेश्वर करून. मी ती सोडली आणि इंजिन जाम झालेली, फ्लोअर गळून पडलेली, बिनकागदांची लँडमास्टर उचलली. का, ते अस्थानांना मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, बस, दिल आ गया.

तुलाही आज माझ्याकडे उत्तर नाही. कबाडी ती गॅसकटरने कापणार होता, मी वाचवली, असं लिहिणार होतो. दोन ओळी लिहिल्याही, खोडल्या. तू "पुन्हा लिहा" म्हणशील, ते मला इथूनच ऐकू येतंय.

वसुधा, मला एकट्याला जमत नाहीये. दुपारी घरात माझ्याच चपलांचा आवाज घुमतो. गणपतीला ये. इथल्या मराठी मंडळाचे मोदक तुझ्याशिवाय कोण करणार? चार दिवस ये, भांड, मग हवं तर परत जा. मी हात जोडतो.

नंदकुमार


जानकीपुरम
३० ऑगस्ट

वसुधा,

नाही आलीस. बरं.

मंडळात जो भेटेल तो विचारत होता, वहिनी कुठे? मी सांगितलं, बहिणीचं ऑपरेशन झालंय. चंद्रप्रभाताईंच्या दोन्ही गुडघ्यांवर मी परस्पर शस्त्रक्रिया उरकून टाकलीय, त्यांना कल्पना देऊन ठेव. मोदक मेजर राजेश निकमांच्या बायकोने केले. सगळे उकडताना फुटले. मला आनंद झाला आणि मग रडू आलं, सगळ्यांसमोर, आरती चालू असताना. लोकांना वाटलं भक्ती.

तुला नक्की काय हवंय? पार्ट सांगितले, नाही. लहानपण सांगितलं, नाही. मला कारण माहीत नाही असं सांगितलं, तर त्यावर तू ओळही लिहिली नाहीस! गाडी हवीशी वाटली, घेतली! जगात लोक दारू पितात, जुगार खेळतात. मी एक गाडी घेतली तर मला वाळीत टाकलंस. तूच मजकूर पाठव, मी सही करतो.

नंदकुमार

वरचं फाडून टाकणार होतो. पण मग आणखी आठवडाभर तुला काहीच गेलं नसतं. रागावू नकोस.


जानकीपुरम
२२ सप्टेंबर

प्रिय वसुधा,

हे पत्र सावकाश वाच. जमलं तर एकटी असताना वाच.

गेल्या रविवारी अस्थाना साहेब मिठाईचा डबा घेऊन बैठकीला आले. सगळ्यांसमोर माझा हात धरून म्हणाले, "मराठे साहब, मुँह मीठा कीजिए. आपकी गाड़ी के काग़ज़ मिल गए." गाडीच्या जुन्या नंबरावरून त्यांनी तिचा मालक हुडकून काढला होता. महानगर कॉलनीतले कोणी टंडन, कधीच वारले. त्यांच्या पत्नी तिथेच राहतात. गॅरेज रिकामं करताना मुलांनी गाडी कबाड्याला देऊन टाकली, पण कागद म्हाताऱ्या बाईंच्या कपाटात तसेच राहिले, आणि त्या माझ्या नावावर करून द्यायला तयार आहेत. या नादात याहून मोठा योग नाही. बिनकागदाची गाडी म्हणजे नुसतं लोखंड. ती रस्त्यावर आणता येत नाही, विकता येत नाही, दुसऱ्या राज्यात हलवता येत नाही. कागद मिळाले की सगळं सुटतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वकिलांनी मला मिठी मारली.

आणि मला दरदरून घाम फुटला.

अस्थाना मला तिथूनच महानगर कॉलनीत घेऊन गेले. मिसेस टंडन फार गोड बाई. चहा दिला, कागद समोर ठेवले, म्हणाल्या, "अब इसे जहाँ चाहें ले जाइए, बेटा. मेरे साहब को भी घूमने का बहुत शौक़ था." जहाँ चाहें. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. मी म्हटलं, "अभी रहने दीजिए, आंटी. फिर कभी." त्यांना वाटलं माझी तब्येत बिघडली. अस्थानांनी मला गाडीत बसवलं, इंजिन चालू केलं, मग बंद केलं. म्हणाले, "काग़ज़ नहीं थे, इसीलिए ली थी न आपने?"

मी मान हलवली. तेव्हाच मलाही ते कळलं. नाही, हे खोटं आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कबाड्याने मला फसवलं नाही, स्वच्छ सांगितलं होतं. "साहब, इसके काग़ज़ नहीं हैं. न बिकेगी, न कहीं जाएगी. सोच लीजिए." मी घासाघीस न करता तिथल्या तिथे व्यवहार केला. फिएट मी सोडली, कारण ती चालत होती.

मला एक अशी वस्तू हवी होती जी लखनौतून हलणार नाही. आणि ती अर्धवट टाकून मी निघणार नाही, हे तुला माहीत आहे. मी हातातलं काम कधी टाकलेलं नाही. मला साताऱ्याला यायचं नव्हतं, आणि हे तुला तोंडाने सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणून मी गाडी आणून दारात उभी केली. हे कारण आहे.

यायचं का नव्हतं, तेही सांगतो. ताईंच्या हर्षवर्धनच्या लग्नाला आपण साताऱ्याला गेलो होतो ना, तेव्हा मी कोपऱ्यावरच्या दुकानात नारळ आणायला गेलो. बोलता बोलता तोंडातून "अच्छा, ठीक है" निघून गेलं. दुकानदार माझ्याशी हिंदीत बोलायला लागला. मी मराठीत सांगतोय, तो हिंदीत उत्तर देतोय. माझ्या गावात! मांडवात सगळे मला "लखनौचे नवाब" म्हणून चिडवत होते, प्रेमानेच. मांडवाबाहेर मला कोणी ओळखत नव्हतं, मी कुणाचा कोण हे तुझ्यावरून सांगावं लागत होतं. इथे सब्जीवाला मला मराठे साहब म्हणतो. आपलं आडनाव देशमाने आहे, हे त्याच्या गावीही नाही, पण तो हाक मारतो तो मी आहे. परतीच्या गाडीत मी हाच विचार करत होतो की तिथे राहायला गेलो तर तुझ्या मागे मागे पिशवी घेऊन फिरणारा एक म्हातारा होईन. आणि मग मला कळलं की हे तर तू इथे केलंस. लग्न होऊन आलीस तेव्हा तुला दुकानात मीठ मागता येत नव्हतं. तू ते सगळं शिकलीस आणि जगलीस. मला ते करायला लागेल, आणि मला ते जमणार नाही, याची मला भीती वाटते. अजून वाटते.

मला इथून निघवत नाही आणि तुझ्यावाचून इथे राहवत नाही. दोन्ही खरं आहे, आणि मी दोन्हीकडून पार हरलोय. आता तू सांग. तू सांगशील ते करीन. फक्त "पुन्हा लिहा" म्हणू नकोस. याच्यापुढे लिहायला माझ्याजवळ काही उरलेलं नाही.

तुझाच,
नंदकुमार


जानकीपुरम
१६ ऑक्टोबर

प्रिय वसुधा,

या वेळी पाकीट आलं, जाडजूड. हातात घेतलं आणि इतका आनंद झाला की आधी आंघोळ केली, मग उघडलं.

चार पानं. मी ती इतक्यांदा वाचली आहेत की तुला मी ती न बघता म्हणून दाखवीन. तू लिहिलंस, "हे खरं कारण आहे. पटलं. तुम्हाला भीती वाटली तेव्हा तुम्ही दारात गाडी आणून ठेवलीत. मला भीती वाटायची तेव्हा मी कुकर लावायची. मला कोणी विचारलं नव्हतं, जमेल का म्हणून." तू एवढी वर्षं माझ्यासमोर ताट वाढत होतीस आणि मला वाटायचं, हिला काय, हिची गाडी छान चाललीय.

पण त्याच्यापुढचं मला झेपलेलं नाही. तू लिहिलंस, "आता तुम्ही येऊ नका. हे रागाने लिहीत नाही. पहिले दोन महिने तुमच्यावर संतापले होते, म्हणून कारण मागत होते. मग एके दिवशी लक्षात आलं की मी वाटच बघत नाहीये. सकाळी चहा करते आणि गॅलरीत बसते, समोर अजिंक्यतारा दिसतो. कोणाला काय हवंय, हे डोक्यात येत नाही. वाचनालयात जाते. माणिक म्हणून एक शाळेतली मैत्रीण सापडलीय, तिच्याबरोबर फिरायला जाते. दारावर पाटी लावलीय, नुसती 'वसुधा'. तुम्ही तिथे सुखात राहा, मी इथे राहते. आपलं भांडण नाही."

भांडण नाही! वसुधा, भांडण असतं तर मला काहीतरी करता आलं असतं. माफी मागितली असती, मंडळातल्या सगळ्यांना घेऊन दारात धरणं धरलं असतं. तू समाधानात आहेस, यावर मी काय उपाय करू? मी खरं बोललो की तू येशील किंवा मला बोलावशील, एवढाच हिशेब मी केला होता. खरं बोलून दोन्ही जातील, असं मला वाटलं नव्हतं.

गाडीचं सांगतो, तू विचारलं नाहीस तरी. मिसेस टंडनकडे पुन्हा गेलो, कागद घेतले, सह्या झाल्या. आता ती कुठेही जाऊ शकते. अस्थाना न्यायला तयार आहेत, पुढच्या आठवड्यात क्रेन पाठवतायत. पोर्च मोकळा होईल. मी अडकून पडावं असं आता इथे काही नाही, आणि तिथे मला कोणी बोलावत नाही.

काल मी स्टेशनवर जाऊन तिकीट काढलं. तू येऊ नका म्हणालीस, ते मी वाचलंय. राहायला येत नाही. सामान आणणार नाही. भाऊबीज झाली की निघेन, चंद्रप्रभाताईंकडे उतरेन आणि एका संध्याकाळी तुझ्याकडे पायी येईन. जिना चढेन, पाटी वाचेन आणि बेल वाजवीन. पुढचं माझ्याच्याने ठरत नाहीये. कालपासून तेवढ्यावरच अडलोय. तू आतून विचारशील, "कोण आहे?"

काय सांगू?

नंदकुमार